पंच्यावरचा रंग

नगर, १४ सप्टेंबर २०२५
जावक क्र. १

ती. दादास,

तुझा बडोद्याचा पत्ता आईच्या डायरीतून घेतला. तिला न विचारता घेतला, पण घेतल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगू नकोस, म्हणजे मला काही माहीत नसेल." तेव्हा हे पत्र आईला माहीत नाही असं धरून चाल.

फोन करायला हवा होता. पण माझा फोन तू दहा वर्षांत उचललेला नाहीस, आणि उचललास तरी फोनवर माझे शब्द अजून अडतात. लिहिताना अडत नाहीत, हे तुला माहीतच आहे.

कामाचं आधी लिहिते. तू घर सोडलंस तेव्हाची तुझी लोखंडी ट्रंक माळ्यावर आहे. परवा मी ती उघडली. तीत तुझे चार शर्ट, कॉलेजची करडी पँट, एक चौकटीची लुंगी आणि तू ज्याला ब्रश पुसायचास तो बाबांचा पंचा आहे. शर्ट, पँट आणि लुंगी कापायला तुझी परवानगी हवी आहे. पंच्याबद्दल वेगळं कळव. तो कपडा धरायचा की आणखी काही, हे मला ठरवता येत नाही.

कापणार आहेत बाबा. हसू नकोस. बाबा गोधडी शिवायला लागले आहेत.

झालं असं. जूनमध्ये आईनं जुन्या साड्यांची गोधडी करून घ्यायला मनकर्णाबाईंना बोलावलं. त्या पाथर्डीकडच्या. वीस-बावीस वर्षं ऊसतोडीला कोपरगावच्या बाजूला जायच्या. आता गुडघे गेले, म्हणून इथं लेकीकडे, पंकजाकडे, राहतात आणि लोकांच्या गोधड्या शिवून देतात. आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसल्या. बाबा खुर्ची घेऊन शेजारी. निवृत्त झाल्यापासून त्यांना देखरेख करायला काहीतरी लागतंच.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "हा टाका वाकडा गेलाय."

मनकर्णाबाई मान वर न करता म्हणाल्या, "मंग तुमी घाला की सायब सरळ. सुई तिथंच हाय."

आणि बाबांनी घातला. चौतीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी दाभणानं फायली शिवल्या. सुई त्यांना नवी नव्हती, हे आपल्या कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मनकर्णाबाईंनी तो टाका अंगठ्यानं दाबून पाहिला.

"हात तयार हाय. कुठं शिकला?"

"कोर्टात."

"का वो, काय केलं हुतं?"

आई जिन्यात उभी होती. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

पहिली गोधडी त्यांनी फूटपट्टी आणि पेन्सिल घेऊन केली. सगळे चौकोन सारखे, प्रत्येकाच्या मागे नंबर. मनकर्णाबाईंनी ती उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाल्या, "सायब, ही गोधडी हाय का सातबारा? हिच्याखाली माणसाला सपान पडायचं न्हाई, नोटीस यायची."

बाबा चिडले नाहीत. दादा, बाबांना कुणी हसलं आणि ते चिडले नाहीत, असं तू कधी पाहिलंयस? त्यांनी ती सगळी उसवली आणि विचारलं, "मग कशी करायची?" मी त्यांच्या तोंडून हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. तेव्हापासून मी त्यांच्याकडे बघतेच आहे.

परवानगीचं कारण: मनकर्णाबाईंचा नियम आहे. मेलेल्याचं कापड मायेनं घ्यावं, जित्याचं इचारून घ्यावं, न्हाईतर गोधडी टोचती. म्हणून विचारते आहे. बाबांनी विचारायला सांगितलेलं नाही. पण मी ट्रंक खाली काढली तेव्हा ते दारात उभे होते, आणि गेले नाहीत.

एका शब्दाचं उत्तरही चालेल.

निवेदिता


नगर, २८ सप्टेंबर २०२५
जावक क्र. २

ती. दादास,

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. "कपडे कापा. पंचा फेकून द्या." पाच शब्द. सही नाही, पण अक्षर तुझंच. 'फ'चं पोट अजून तसंच फुगवतोस.

कार्ड बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कपडे कापले. पंचा फेकला नाही. तू सांगितलेलं मोडलं, म्हणून हे कळवणं माझं काम आहे.

तो पंचा बाबांचा होता आणि तो खराब केलास म्हणून तुला काय काय ऐकावं लागलं होतं, ते मला पाठ आहे. आता तो पंचा बाल्कनीत दोरीवर आहे, चार चिमटे लावून, आणि समोर बाबांची खुर्ची. रंग वाळून कापड कडक झालंय. वाऱ्यानं हलतो तेव्हा पत्र्यासारखा आवाज येतो. बाबा तो वाचतात. दुसरा शब्द मला सुचत नाही. जुनी केस चाळावी तसे.

"हा लाल आधीचा," ते म्हणाले. "निळा त्याच्यावरून गेलाय. म्हणजे लालाचं काम आटोपल्यावर निळा घेतला. इथं ब्रश नुसता झटकलाय. आणि इथं बघ, दाबून पुसलाय. चिडला होता."

"कुणावर?" मी विचारलं.

"ते पंच्यावरून कळत नाही," बाबा म्हणाले आणि सुटलेला चिमटा नीट लावून, "बहुतेक माझ्यावरच."

ते तुझ्या पंच्यासारखी गोधडी करताहेत. तसेच रंग, त्याच जागी, फक्त मोठे. तुझ्या आकाशी शर्टाची बाही एका कोपऱ्यात लागली आहे. पिवळ्यासाठी आईची हळदीकुंकवाची जुनी साडी मागितली, तर आई म्हणाली, "चौतीस वर्षं फायली शिवल्यात, आता माझं कपाट शिवा." पण दिली.

परवा सिटी बसमध्ये बाबा समोरच्या बाईंकडे एकटक बघत होते. आईनं कोपर मारलं.

"अहो, मार खाल."

"बाईंकडे नाही गं, काठाकडे. जांभळ्याशेजारी तो पिवळा कसा थरथरतोय बघ."

आईनं बघितलं. मग त्या बाईंनीही आपल्या काठाकडे बघितलं. तिघंही स्टॉप येईपर्यंत काठाकडेच बघत होती.

मला एक विचारायचं आहे, आणि तुझ्याशिवाय कुणाला विचारावं कळत नाही. माणसाला त्रेसष्टाव्या वर्षी नव्यानं दिसायला लागतं, की दिसत असतंच आणि तो बोलत नाही? मी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "रेकॉर्डचे गठ्ठे लाल फडक्यात बांधलेले असायचे. नवं फडकं लाल, दहा वर्षांचं विटकरी, त्याहून जुनं गुलाबी, आणि अगदी जुनं तर वाळल्या डाळिंबाच्या सालीसारखं. गठ्ठा कोणत्या सालचा ते मी लांबून रंगावरून सांगायचो. साहेब चकित व्हायचे. मला वाटायचं, हे ऑफिसचं काम आहे."

त्यानंतर बराच वेळ ते सुईत दोराच ओवत होते.

आता अडचण. पंच्याच्या बरोबर मध्ये तळहाताएवढा एक डाग आहे. निळा म्हणावा तर निळा नाही, राखाडीही नाही. आपण ज्या पाटीवर अक्षरं गिरवली ती ओल्या फडक्यानं पुसल्यावर एक क्षण जशी दिसायची, तसा. बाबा कापडबाजारात तीनदा जाऊन आले. दुकानदार आता त्यांना बघून म्हणतो, "काका, तो रंग अजून आला नाही हं." मनकर्णाबाई म्हणाल्या, "आसला रंग कापडाला नसतुया सायब, ढगाला आसतोय." बाबांना तो हवाच आहे.

दादा, तो रंग तू कसा केला होतास?

निवेदिता


नगर, १९ ऑक्टोबर २०२५
जावक क्र. ३

ती. दादास,

तुझं उत्तर आलं नाही. ते येण्याची वाट पाहून हे लिहायचं, असं मी ठरवलं होतं. पण तसं केलं तर उत्तर मिळवण्यासाठी मी काहीतरी दडवलं असं होईल. म्हणून आजच लिहिते. उद्या दिवाळीची पहिली आंघोळ. त्याआधी हे व्हायला हवं.

ट्रंकेच्या तळाशी, तुझ्या कपड्यांखाली, घरातली आवक-जावक वही होती. तुझ्या ट्रंकेत ती कुणी ठेवली माहीत नाही.

तुला आठवत असेल. माझे शब्द अडायचे म्हणून चौथीपर्यंत मला शाळेत घातलं नाही. आईनं वाचायला शिकवलं आणि बाबांनी लिहायला. अक्षर वळणावर यावं म्हणून बाबांनी वही आखून दिली होती. घरात येणारा प्रत्येक कागद आधी वहीत नोंदवायचा, मग बाबांची सही, मग ज्याचा त्याला. लाइटचं बिल, मामाचं पत्र, लग्नपत्रिका. शाळेत जायला लागल्यावरही मी ती वही सोडली नाही. तू मला 'बारनिशी कारकून' म्हणायचास.

वहीतली एक ओळ जशीच्या तशी उतरवते.

"क्र. ११७. दि. २१ जून २०१३. राजस यांचे नावे. कला महाविद्यालय, मुंबई, मुलाखतीचे पत्र. शेरा: बाबांना दिले."

अक्षर माझं आहे.

दोन वर्षांनी ते पत्र तुला बाबांच्या कपाटात सापडलं. तोवर तू त्यांच्या हट्टानं इंजिनिअरिंगला होतास. तू म्हणालास, पोस्टमनकडून माझी पत्रं चोरणाऱ्या माणसाच्या घरात मी राहणार नाही. बाबा काही बोलले नाहीत. मीही दारामागे उभी होते, आणि काही बोलले नाही.

पोस्टमननं ते पत्र माझ्या हातात दिलं होतं. तू काष्टीला मामाकडे गेला होतास, दुसऱ्या दिवशी येणार होतास. मुलाखत सत्तावीसला होती. मी एक दिवस ते माझ्या दप्तरात ठेवलं असतं तरी पुरलं असतं.

मी स्वतःला बारा वर्षं सांगत आले की मी नियम पाळला. तेरा वर्षांची होते, नियम होता, पाळला. बाबांनी पत्र दाबून ठेवलं, ते त्यांचं. हे सगळं खरं आहे. पण मी नोंद करण्याआधी पाकीट उघडून वाचलं होतं. दुकानात, शाळेत, बसमध्ये माझा शब्द अडला की तो तू पुरा करायचास. पत्र वाचल्यावर माझ्या मनात आलं होतं, दादा मुंबईला गेला तर माझे शब्द कोण पुरे करणार. मग मी वही काढली. बाबा हे पत्र तुला देणार नाहीत, हे मला माहीत होतं. नियम मी मागाहून आठवला.

हे शेऱ्याच्या रकान्यात लिहायला हवं होतं.

हे पत्र टाकण्याआधी बाबांना वाचून दाखवलं. खूप अडले. बाबांनी एकही शब्द पुरा करून दिला नाही, थांबले. शेवटी म्हणाले, "तू दिलंस. दाबलं मी. त्यातलं तुझं तेवढं तू घे, माझं घेऊ नकोस." नंतर म्हणाले, "मी त्याला सांगू शकलो असतो की पत्र निवूनं आणून दिलं. मग तो तुझ्याशीही बोलला नसता." पण तू तसाही बोलला नाहीस. ते त्यांच्या हिशेबात बसलं नव्हतं.

त्या रंगाचं मी पुन्हा विचारत नाही.

निवेदिता


नगर, १६ नोव्हेंबर २०२५
जावक क्र. ४

ती. दादास,

हे पत्र उत्तरासाठी नाही. गोधडीचं काय झालं ते तुला कळायला हवं, कारण तीत तुझे कपडे आहेत.

ती झाली आहे, दोन जागा सोडून. मधला तळहाताएवढा भाग रिकामा आहे, नुसतं पांढरं अस्तर. त्या जागी बाबांनी करडी पँट लावून पाहिली, उसवली. माझी एक ओढणी लावली, उसवली. आता लावत नाहीत. "नसलेलं बरं," म्हणतात, "खोटं नको."

दुसरी जागा चौथा कोपरा. तो शेवटी शिवतात. मनकर्णाबाईंच्या गावाकडे गोधडी उपाशी देत नाहीत. शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा एक घास घालतात, मग तोंड बंद करतात. ज्याची गोधडी असेल त्यानं घालायचा.

गुरुवारी त्या बघायला आल्या. पार्किंगमध्ये उन्हात आम्ही ती पसरली. वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, सगळे भोवती. काकू म्हणाल्या, "अशीच मला एक करून द्या ना, भाऊजी." मनकर्णाबाई मात्र गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा खाली बसल्या आणि एका कडेनं टाक्यांवरून बोटं फिरवत गेल्या. बाबा समोर उभे, हात मागे बांधून. रेकॉर्ड तपासणीला साहेब आल्यावर ते असेच उभे राहत असतील.

"फूटपट्टी कुठं गेली?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"आहे घरात."

"नंबर?"

"नाही टाकले."

"चाळीस वर्सं शिवते म्या," त्या म्हणाल्या. "माझ्या गोधडीखाली माणूस निजतंय. ही बघून निज उडती. ही हाय तरी कुनाची?"

"राजसची," बाबा म्हणाले.

दहा वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. पार्किंगमध्ये, वॉचमनसमोर, अगदी सहज. आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी गोधडीकडे.

"मंग मधी भोक का ठिवलं?"

"त्याचा रंग माझ्याकडे नाही."

मनकर्णाबाई उठताना म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तसंच. गोधडीला घाई नसती, थंडीला आसती."

थंडी पडायला लागली आहे. गोधडी घडी करून तुझ्या ट्रंकेवर ठेवली आहे.

निवेदिता


नगर, ७ डिसेंबर २०२५
जावक क्र. ५

ती. दादास,

पार्सल सोमवारी आलं. श्री. सुमंत, असं बाबांचं नाव होतं. मी वहीत नोंद केली आणि ते न उघडता, न दाबता, न हलवता बाबांच्या हातात दिलं. शेरा: ज्याचे त्याला दिले. बाबांनी सही केली.

त्यांनी दोरा तोडला नाही, गाठ सोडवली. वीस मिनिटं गेली. आई म्हणाली, "अहो, कात्री आहे घरात, लोकांच्या शर्टांना चालवता ती." पण तिनंही आणून दिली नाही.

आत नवा पंचा. त्यावर एका ओळीत सात डाग, खाली पेन्सिलनं एक ते सात आकडे. बाबा आकडे बघून हसायलाच लागले. "नंबर टाकलेत," म्हणाले, "माझाच आहे." मग पंचा नाकाजवळ नेला. तेलाचा वास अजून येत होता. दोरीवरच्या जुन्या पंच्याशेजारी त्यांनी तो लावला आणि एकेक डाग पाहत गेले. पहिला फार निळा. तिसरा जवळ येऊन हुकलेला. पाचवा तर पार चिखल झालाय, राग मानू नकोस. सातव्याशी ते थांबले. मी दोन्ही पंच्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. तोच. ओली पाटी.

तुझी चिठ्ठी त्यांनी मोठ्यानं वाचली. "सातवा बरोबर आहे. सहा चुकले. हात विसरला होता." 'हात विसरला होता' ऐकल्यावर आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मला वाटतं ती दर दिवाळीला फोनवर तुला विचारत असावी, काही काढतोस का, आणि तू नाही म्हणत असावास. तिला काही माहीत नाही, तेव्हा हेही तिनं सांगितलेलं नाही.

माझ्यासाठीचा कागद पार्सलच्या तळाशी होता. "निवू, आवक नंबर टाकलास का?"

ही चेष्टा आहे की टोमणा, हे मला तीन दिवस कळलेलं नाही. अक्षर बघितलं, दाब बघितला. बाबांसारखं मला वाचता येत नाही. शेवटी बाबांनाच दाखवला. ते म्हणाले, "दोन्ही असेल. तुझं नाव मात्र झटकून लिहिलेलं नाही." टाकला आहे, दादा. नव्या पानावर, क्र. १.

आता मुख्य. मला वाटलं होतं बाबा सातवा डाग कापून मध्ये लावतील आणि संपेल. त्यांनी दोन दिवस काहीच केलं नाही. मग मनकर्णाबाईंना बोलावलं. "जित्यानं आपल्या हातानं धाडलंय," त्या म्हणाल्या, "आता इचारायचं काय?" तेव्हा बाबांनी कात्री घेतली आणि सातही कापले. मधल्या जागेत सातवा लावला, आणि चुकलेले सहा त्याच्याभोवती गोल, एकमेकांवर थोडे चढवून, जसे पाण्यात वळसे पडतात तसे. चिखलवालासुद्धा. त्यासाठी आधीच शिवलेला लाल त्यांना उसवावा लागला.

मी म्हटलं, "बाबा, पंच्यावर असं नाहीये."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण हे सहा नसते तर सातवा कुठून आला असता? आणि बघ ना, पाचव्याशेजारी तो किती उजळतोय."

मी बघितलं. खरंच उजळत होता. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता ही तुमची झाली सायब. निम्मी तुमची, निम्मी पोराची. भांडा."

चौथा कोपरा अजून उघडा आहे. घास ज्याचा त्यानं घालायचा आहे. आई म्हणते, भाकरी त्याच दिवशीची लागते, शिळी चालत नाही, तेव्हा येण्याआधी एक दिवस कळव.

पत्र पोचायला चार-पाच दिवस लागतात. फोन केलास तरी चालेल. मी उचलीन. शब्द अडला तर तू पुरा करू नकोस, थोडा थांब. येईल तो.

निवू